स्वभाव आणि आयुष्य
(मंडळाच्या वर्धापनदिनी साकोली येथे केलेले भाषण)



"हसतमुख राहा, म्हणजे आयुष्य वाढते," हा उपदेश आपणा बायकांना उठल्याबसल्या ऐकावा लागतो. स्वभावाचा आणि आयुष्याचा काही संबंध आहे काय? आहे, असे माझे मत आहे; पण तो आपण समजतो तितका सोपा नाही.

महर्षी अण्णासाहेब कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली वारले. एकशे चार वर्षे! ती काही सुखात गेली नाहीत. १८९१ साली पहिली पत्नी राधाबाई निवर्तल्या. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. अण्णासाहेब तसे लाजाळू, अबोल. मैफल रंगविणारे नव्हेत. पण हाती घेतलेले काम सोडावयाचे नाही! फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून झाले, की चिखल तुडवीत पायी हिंगण्याच्या आश्रमातील मुलींकडे जावयाचे. रोवणीच्या दिवसांत बांधीत उभ्या राहणाऱ्या तुम्हांला चिखल म्हणजे काय ते मी काय सांगावे? आणि ज्या वयात आपल्याकडे माणूस ओसरीवर बसून बोलावण्याची वाट पाहतो, त्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले.

अमेरिकेत टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली सुमारे दीड हजार हुशार मुलांची माहिती नोंदविण्यास आरंभ केला. त्या मुलांपैकी कोण किती जगले, हे पुढे इतरांनी पडताळले. नेटकी, जबाबदारीने वागणारी मुले अधिक जगली. सदा आनंदी असणारी त्या मानाने लवकर गेली. ती जिवाला जपत नसावीत, असा एक तर्क आहे. उलट, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या १८० ख्रिस्ती जोगिणींच्या अभ्यासात, तरुणपणी आनंदाने लिहिणाऱ्या अधिक जगल्या असे आढळले. तेव्हा पंडितांचेही अजून एकमत नाही! मला विचाराल तर माझा कौल नेटकेपणाला.

पण डॉ. आनंदीबाई जोशी आठवल्या की जीव गलबलतो. जिद्द का थोडी होती? १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, क्षयाने गेल्या. त्या काळी क्षयावर औषधच नव्हते. त्यांचा स्वभाव कमी पडला, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

आज औषध आहे. तरीही आपल्यातील कितीजणी खोकला पदराआड दाबून स्वयंपाक करतात, सर्वांची पाने वाढून उरलेले खातात, आणि "सोशिक हो बाई" म्हणून वाहवा मिळवितात! अण्णासाहेबांचा नेटकेपणा स्वतःच्या शरीराच्या बाबतीतही दाखवावयास हवा. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात त्याला पैसे पडत नाहीत. सोमवारी सकाळी मी दवाखान्यात जाणार आहे. ज्यांना सोबत हवी असेल त्यांनी चहाच्या वेळी मला सांगावे.