बोलक्या रेघा

साबणाची वडी, चहाचा पुडा, दांत घासण्याच्या लेपाची नळी, यांपैकीं कोणतीही वस्तु हातीं घेऊन तिची मागची बाजू पाहिली, तर एका पांढऱ्या चौकोनांत कांहीं जाड, कांहीं बारीक अशा काळ्या उभ्या रेघा आणि त्यांच्या पायथ्याशीं तेरा आंकडे छापलेले आढळतात. या खुणेला बारकोड म्हणतात. दुकानदार ती यंत्रापुढें धरतो, यंत्र वाजतें आणि किंमत बिलावर उमटते. याहून अधिक लक्ष आपण डोळस माणसें तिच्याकडे देत नाहीं. कारण पुड्याच्या दर्शनी बाजूस वस्तूचें नांव ठळक अक्षरांत असतेंच. ज्यास तें नांव दिसत नाहीं, त्या मनुष्यास मात्र या रेघा गेल्या कांहीं वर्षांत मोठ्या उपयोगी पडूं लागल्या आहेत. त्यांविषयीं आज आपणांशीं बोलावयाचें आहे.

या रेघांचें कूळ अमेरिकेतील. नॉर्मन जोसेफ वुडलंड व बर्नार्ड सिल्व्हर या दोघांना १९५२ सालीं या कल्पनेचें पेटंट मिळालें. वुडलंड यांना मोर्सची तारायंत्री लिपी ठाऊक होती. मायामीच्या समुद्रकांठीं वाळूंत बोटें ओढीत असतां, त्या लिपींतील टिंबें आणि रेघा खालीं लांबविल्या तर काय होईल, असें त्यांच्या मनांत आलें, आणि त्यांतून ही युक्ति निघाली. पण ती वाचणारें स्वस्त यंत्र निघण्यास आणखी वीस वर्षें लागलीं. २६ जून १९७४ रोजीं ओहायो संस्थानांतील ट्रॉय या गांवच्या एका दुकानांत चघळण्याच्या गोंदाचें एक पाकीट या रीतीनें प्रथम विकलें गेलें. आपल्याकडील पुष्कळ मालावरचे आंकडे ८९० पासून सुरू होतात. तो माल भारतांतच बनला असा त्याचा अर्थ नव्हे. त्या कंपनीनें आपला क्रमांक भारतांतील संस्थेकडे नोंदविला, एवढाच त्याचा अर्थ.

या खुणेंतील दोन गुण अंधांच्या दृष्टीनें मोलाचे आहेत. पहिला असा कीं, रेघा उभ्या लांब असल्यामुळें त्यांना आडवी छेदणारी कोणतीही एक ओळ वाचली तरी सर्व आंकडे मिळतात, आणि पुडा उलटा धरला तरी यंत्र फसत नाहीं. कारण डाव्या व उजव्या अर्ध्या भागांची घडण निराळी ठेवली आहे. दुसरा असा कीं, तेरावा आंकडा हा केवळ राखणदार आहे. सम स्थानांवरचे आंकडे तिप्पट करून बाकीच्यांत मिळविले, तर बेरजेस दहानें नि:शेष भाग जाईल, असाच तो निवडतात. एक आंकडा जरी चुकीचा वाचला गेला, तरी हिशेब जुळत नाहीं आणि यंत्र गप्प बसतें. न दिसणाऱ्या मनुष्याला चुकीचें उत्तर मिळण्यापेक्षां उत्तर न मिळणें पुष्कळ बरें.

आतां अंध गृहस्थ किंवा गृहिणी यांचा दिनक्रम मनापुढें आणा. वासानें हिंग ओळखतां येतो, हलवून डाळ ओळखतां येते, पण लोणच्याची बाटली व मुरंब्याची बाटली, दोन सारखे डबे, दोन सारखे पुडे, यांना हाताला लागेल असा भेद नसतो. कानांत घालावयाचें औषध आणि डोळ्यांत घालावयाचें औषध एकाच घाटाच्या इवल्याशा बाटल्यांतून येतें, तेथें तर हा प्रश्न गैरसोयीचा न राहतां धोक्याचा होतो. यावर अंधांनीं स्वत:च उपाय योजले: एका बाटलीस एक रबरी वळें, दुसरीस दोन, एका डब्याच्या कडेला खांच. हे उपाय उत्तम आहेत आणि आजही चालूं आहेत. पण वळें चढविण्यापूर्वी, ही बाटली कोणती, हें एकदां तरी कोणास विचारावें लागतेंच. आणि विचारावयाचें म्हणजे आपण कोणत्या विकाराचें औषध घेतों, हें शेजारच्या मुलाला कळवावयाचें! आपलें औषध आपण एकट्यानें जाणण्याचा अधिकार आपणांस इतका सहज मिळालेला असतो कीं, तो अधिकार आहे हेंच आपल्या ध्यानीं येत नाहीं.

बारकोड वाचून नांव बोलणारीं स्वतंत्र यंत्रें पूर्वीच निघालीं होतीं. परंतु त्यांची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवांक्याबाहेरची. पुढें २००९ च्या सुमारास पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी सोय खिशांतील स्मार्टफोनमध्येंच आली, आणि मग कॅमेऱ्याचाही उपयोग होऊं लागला. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१७ सालीं ‘सीइंग एआय’ नांवाचें ॲप काढलें; त्या कामांतील अग्रणी साकिब शेख हे स्वत: अंध आहेत. गूगलचें ‘लुकआउट’ २०१९ सालीं आलें.

यांचा उपयोग कसा करतात, तें थोडें विस्तारानें सांगतों. खरी अडचण वाचण्याची नसून खूण सांपडण्याची आहे. जें दिसत नाहीं त्याचें छायाचित्र कसें घ्यावें? यावर ‘सीइंग एआय’ची युक्ति अशी कीं, रेघांचा कांहीं भाग कॅमेऱ्याच्या टप्प्यांत आला कीं फोन बारीक आवाज करूं लागतो, आणि खूण नीट समोर येत जाईल तसा तो आवाज जलद होतो. फोन वीतभर अंतरावर स्थिर धरावा आणि वस्तु सावकाश फिरवावी. संवयीनें हाताला जागाही कळूं लागतात: पुठ्ठ्याच्या खोक्यावर बहुधा तळाशीं, प्लॅस्टिकच्या पिशवीवर मागच्या जोडाजवळ. चकचकीत पिशवी हातानें ताणून सपाट करावी लागते. आणखी एक गंमतीची गोष्ट. अंध मनुष्यास दिवा लावण्याचें कारण पडत नाहीं. पण कॅमेऱ्यास उजेड लागतो. तेव्हां आतां फोनच्या डोळ्यांसाठीं त्याला दिवा लावावा लागतो.

मात्र या साधनाचा गौरव करतांना त्याची मर्यादा झांकून ठेवूं नये. रेघांत वस्तूचें नांव नसतें, केवळ क्रमांक असतो. त्या क्रमांकाचें नांव कोठल्या तरी सूचींत नोंदलेलें असेल, तरच फोन बोलेल. परदेशच्या मोठ्या कारखान्यांचा माल तो झटकन् सांगतो, पण गांवच्या गृहोद्योगाच्या पापडांपाशीं निरुत्तर होऊं शकतो. शिवाय किती तारखेपर्यंत वस्तु वापरावी, हें या तेरा आंकड्यांत नसतेंच. आणि दुधाच्या भुकटीच्या बाबतींत तेंच जाणून घ्यावयाचें असतें. अशा वेळीं छापील अक्षरें वाचणारा ॲपचा दुसरा भाग, किंवा डेन्मार्कमधील हान्स यॉर्गन वीबर्ग यांच्या कल्पनेंतून २०१५ मध्यें सुरू झालेलें ‘बी माय आइज’, ज्यांत एखादा दूरस्थ स्वयंसेवक आपल्या डोळ्यांनीं पाहून सांगतो, यांचा आधार घ्यावा लागतो.

औषधांच्या बाबतींत भारत सरकारनें एक पाऊल टाकलें आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशें प्रमुख औषधांच्या वेष्टणांवर बारकोड किंवा चौकोनी क्यूआर खूण सक्तीची झाली असून, तींत औषधाचें नांव, घाणा क्रमांक व मुदतीची तारीखही असावी लागते. नियमाचा हेतु बनावट औषधें ओळखावीं हा होता. अंधांचा लाभ अनायासें झाला, असें मी समजतों. परंतु पट्टीवर जागा नसेल तर ही खूण बाहेरच्या खोक्यावर छापण्याची मुभा आहे, आणि आपला औषधविक्रेता तर पट्टी कापून चारच गोळ्या हातावर ठेवतो! युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानें औषधाच्या खोक्यावर नांव ब्रेल लिपींत उठविणें आवश्यक केलें, तो मार्ग मला अधिक सरळ वाटतो. त्याला फोन लागत नाहीं, वीजही लागत नाहीं. अर्थात् ब्रेल न शिकलेल्या, उतारवयांत दृष्टि गेलेल्या मनुष्यास तो निरुपयोगी. म्हणून दोन्ही मार्ग हवेत.

आपल्या घरांतील आणखी एक रीत येथें आडवी येते. पुडा आणला कीं आपण तो फोडून माल डब्यांत ओततों, आणि बोलणारें वेष्टण केराच्या टोपलींत जातें. ज्या घरांत अंध व्यक्ति आहे तेथें वेष्टणाचा तेवढा तुकडा कापून डब्यास चिकटवावा. ‘डिजिट-आइज’सारख्या ॲपच्या साहाय्यानें आपल्याच आवाजाला जोडलेल्या चिठ्ठ्याही छापून लावतां येतात, फोन धरला कीं ‘तांदुळाचें पीठ’ असें घरच्याच माणसाच्या आवाजांत ऐकूं येतें. चिठ्ठी डब्याच्या अंगावर लावावी, झांकणावर नव्हे. घासतांना झांकणांची अदलाबदल होते.