अनिवार्य विषय आणि वेळापत्रक

बाभुळगांवाहून एस. टी.नें यवतमाळच्या महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलास पहिल्याच आठवड्यांत वेळापत्रकाचें कोडें पडतें. एकाच तासाखालीं दोन-तीन विषय. त्यांतील आपला कोणता?

संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवें शैक्षणिक धोरण पहिल्या वर्षास लागू झालें, आणि 'अनिवार्य' या शब्दाचा अर्थच पालटला. आतां पुष्कळदां गट अनिवार्य असतो. त्यांतील विषय मात्र विद्यार्थ्यानें निवडावयाचा. 'खुला ऐच्छिक' विषय नांवाचाच ऐच्छिक. तो घ्यावाच लागतो, आणि तोहि आपल्या विद्याशाखेबाहेरचा. एका गटांतील असे पर्याय एकाच तासाला ठेवले, कीं वेळापत्रकांत गर्दी दिसते. त्यांतील निवडलेला एकच आपला.

ताळा सोपा आहे. एका सत्राचे श्रेयांक साधारणतः २२. एका श्रेयांकास व्याख्यानांचे १५ तास, प्रात्यक्षिकाचे ३०. म्हणजे १५ आठवड्यांच्या सत्रांत दोन श्रेयांकांच्या विषयास आठवड्याला दोन व्याख्यानें हवींत. एखादा गट सुटला तर बेरीज भरत नाहीं, आणि पुढें तो विषय पुन्हा करावा लागतो.

ज्या घरीं महाविद्यालयीन शिक्षण प्रथमच येत आहे, तेथील मुलाजवळ अर्ज भरतेवेळीं बसून शेजारच्या सुशिक्षितांनीं एवढी बेरीज अवश्य करून द्यावी.