हातावर पोट असलेली यंत्रे



‘बिनतारी उपकरणांचे ऊर्जासंकलन’ असे भारदस्त नाव चालकांनी बाहेरच्या फलकावर लिहिले आहे. ते वाचूनही आपण आत आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. विषय नावाइतका रुक्ष नाही. तो मिळकतीचा आणि खर्चाचा आहे, आणि त्यात आपण सारेच जाणते आहोत.

मोटारीच्या पुढच्या काचेवर चिकटवलेली फास्टॅगची पट्टी आपण पाहिली असेल. २०२१ साली ती राष्ट्रीय महामार्गांवर सक्तीची झाली. या पट्टीत सेल नाही. मग टोलनाक्यावर ती आपला क्रमांक सांगते कशी? नाक्यावरचे यंत्र तिच्याकडे रेडिओलहरी सोडते. पट्टीतली धातूची नक्षी त्या लहरींतून चिमूटभर वीज टिपते, तेवढ्यावर आतली चिप जागी होते, आणि आलेली लहरच कमीअधिक परतवून ती क्रमांक कळवते. तिला स्वतःचा आवाज असा नाहीच. आपल्यातील वडीलधाऱ्यांपैकी कुणी लहानपणी क्रिस्टलचा रेडिओ जुळवला असेल, त्यांना यात नवल वाटणार नाही. तोही रेडिओकेंद्राने धाडलेल्या लहरींच्याच बळावर कानाशी बोलत असे. गॅलिना नावाच्या शिशाच्या खनिजाने अशा लहरी ओळखण्याच्या युक्तीचे अमेरिकन पेटंट १९०४ साली जगदीशचंद्र बोस यांना मिळाले, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

पण पट्टीचे बरे आहे; तिला वाढणारा नाक्यावर उभाच असतो. शेतातली ओल मोजणारे, कारखान्यात यंत्राची थरथर टिपणारे, पुलाखाली पाण्याची पातळी पाहणारे उपकरण मात्र रानात एकटे असते. त्याला सेल घालावा, तर तो बदलायला कोण जाणार? भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलायला आपण दोन-दोन महिने टाळाटाळ करतो! आणि वापरून झालेल्या सेलांचे काय करायचे, हा प्रश्न एवढा वाढला की २०२२ साली आपल्या सरकारला बॅटरीच्या कचऱ्यासाठी नवे नियम करावे लागले.

म्हणून या उपकरणांनी जागच्या जागी मिळेल ते वेचून खावे, अशी कल्पना निघाली. उजेडापासून वीज मिळते हे बेकरेलने १८३९ साली पाहिले. उष्णतेतल्या फरकापासून मिळते हे त्याही आधी, १८२१ साली, सीबेकला आढळले. काही स्फटिक दाबले की विद्युत्‌भार उत्पन्न होतो हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवले. आज बाजारात दिव्याची अशी बटणे आहेत की ज्यांत ना तार ना सेल. बोटाने दाबताच आतले लोहचुंबक तारेच्या वेटोळ्यापाशी झटकन सरकते, आणि त्या एका दाबेतून निघालेल्या विजेवर संदेश जाऊन दिवा लागतो.

तेव्हा मिळकतीच्या वाटा जुन्याच आहेत. नवे आहे ते खर्चाचे शास्त्र, आणि माझ्या मते खरी करामत तिथेच आहे.

जरा हिशेब मांडू. खोलीतल्या दिव्याच्या उजेडात १० चौरस सेंटिमीटरची सौरपट्टी ठेवली, तर साधारण १०० मायक्रोवॉट मिळतात. मायक्रोवॉट म्हणजे वॉटचा दहा लक्षावा भाग. दहा तास दिवा जळला तर दिवसाची कमाई ३.६ ज्यूल. घरातला ९ वॉटचा दिवा तेवढ्यात अर्धा सेकंदही जळणार नाही. आता खर्च पाहा. उपकरण झोपले असता त्याला ६ मायक्रोवॉट लागतात असे धरा. दिवसाचा अर्धा ज्यूल झाला. जवळपासचा एक छोटा संदेश पाठवायला १५० मायक्रोज्यूल. दर मिनिटाला एक धाडला तरी दिवसाचा पाव ज्यूल होत नाही. म्हणजे शिल्लकच! पण त्याच उपकरणाने ‘मला कुणी हाक मारील का’ म्हणून कान उघडे ठेवले, तर रेडिओ ३० मिलिवॉट खातो आणि दिवसभराची कमाई बरोबर दोन मिनिटांत संपते. ऐकणे हे बोलण्याइतकेच महाग आहे. (आपण तासभर ऐकणार आहात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.) यावर तोड अशी की उपकरणाने ठरल्या वेळी जागे व्हावे, आपले सांगावे, क्षणभर उत्तराची वाट पाहावी आणि पुन्हा झोपावे.

दुसरी खुबी साठवणीची. पंख्यातला कंडेन्सर आपल्याला ठाऊक आहे; त्याच जातीच्या डबीत ही वेचलेली वीज थेंबथेंब जमते. थेंब पडताच उपकरण उठून कामाला लागले, तर निम्म्या संदेशातच त्याचा जीव जाईल. पुन्हा थेंब, पुन्हा उठणे, पुन्हा मरणे. दिवसभर राबून एक शब्द बाहेर पडायचा नाही. म्हणून डबीला दोन खुणा करतात. वरच्या खुणेपर्यंत भरल्याशिवाय उठायचे नाही; खालची खूण दिसली की केलेले काम टिपून ठेवून निजायचे.

आणि कमाई घटली की बोलणे घटवायचे, हा तिसरा नियम. शहाणपणाचा वाटतो ना? पण तो पुलावर नेऊन पाहा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या माणसांसह गेल्या. उपकरण असते तर अनर्थ टळला असता, असे मी म्हणत नाही; पूल पडण्याची कारणे निराळी असतात. मी फक्त तिथला महिना पाहतो. नदी चढते तेव्हाच आभाळ भरलेले असते, सौरपट्टीची कमाई घटलेली असते, आणि काटकसरीचा नियम उपकरणाला म्हणतो, ‘आता कमी बोल.’ नेमकी उलटी आज्ञा! शिवाय दूरवरच्या गावी पोचणारा संदेश खोलीतल्या संदेशाच्या जवळजवळ हजारपट महाग पडतो.

म्हणून अशा ठिकाणी कंडेन्सरच्या डबीवर विसंबणे मला पटत नाही. तिथे पुन्हा भरता येणारी चांगली बॅटरी हवी, आणि उन्हाळ्यातच तिच्यात पावसाळ्याची बेगमी करून त्यातला एक हिस्सा कुलूपबंद ठेवायला हवा. पाणी ठरल्या खुणेवर चढले की ते कुलूप उघडावे आणि दहा मिनिटांच्या जागी मिनिटामिनिटाला बोलावे. आणखी एक: प्रत्येक संदेशाबरोबर उपकरणाने आपल्या शिलकीचा आकडाही धाडावा. नाही तर एखाद्या रात्री ते गप्प झाले, की नदी शांत आहे की सौरपट्टीवर चिखल बसून ते उपाशी आहे, हे कचेरीत बसलेल्या माणसाला कळायचे नाही.