पोच घ्या, वेळेसकट

बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, तुम्ही जिथून ऐकत असाल तिथे नगरपालिका असणार, घरपट्टी असणार आणि आता पालिकेची वेबसाइटही असणार. आज तिच्याबद्दल थोडं बोलतो.

मी सिग्नल्समधला माणूस. निरोप योग्य जागी, वेळेत आणि भलत्याच्या हाती न पडता पोचवायचा, यात नोकरी गेली. निवृत्तीनंतर महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालो. शहराचं नाव घेत नाही, गरजही नाही.

आमच्याकडे माजी सैनिकांना घरपट्टीत सवलत आहे. तिच्या अर्जांसाठी पालिकेने शिबिर भरवलं. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, आधार, पासबुकाचं पहिलं पान, सगळं तिथेच स्कॅन करून घेतलं. काही दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला, अर्ज बघण्यासाठी लिंक. मला मोबाइलवर बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून ती लिंक पाहून पाहून संगणकावर टाइप केली. शेवटचा आकडा चुकला. आणि समोर उघडली एका दिवंगत सुभेदारसाहेबांच्या पत्नीची फाइल. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. शिबिरात वहिनी रांगेत माझ्यामागेच उभ्या होत्या, त्यामुळे त्यांचा नंबर माझ्यापुढचा. (हे सगळं त्यांना विचारूनच सांगतोय.)

पेन्शनवाल्यांना येणारे फोन तुम्हाला माहीत आहेत. "हयातीचा दाखला अपडेट करायचाय, ओटीपी सांगा." त्या भामट्याकडे पीपीओ नंबर आणि खातं क्रमांक आधीच असेल, तर कोणती एकटी बाई संशय घेईल?

माझा पुतण्या संगणकातला. तो म्हणाला, "काका, छोटा प्रोग्रॅम लिहितो, किती फायली उघड्या आहेत ते रात्रीत कळेल." मी म्हणालो, हात लावू नकोस. सुरुंग दिसला की तिथे खूण करायची आणि कळवायचं. बाकीचे किती आहेत ते स्वतः चालत जाऊन मोजायचं नाही. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली परवानगीशिवाय दुसऱ्याचा डेटा उतरवून घेणं गुन्हा ठरू शकतो. चुकून एक फाइल दिसली हे सांगता येतं. चारशे उतरवल्या, हे सांगायला वकील लागतो. माजी सैनिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकलं नाही. दार उघडं आहे हे गावभर ओरडलं तर आधी कोण धावत येतं, ते सांगायला नको.

त्याच शनिवारी रात्री सर्ट-इनला ईमेल केला. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखाली ही संस्था २००४पासून काम करते. वेबसाइटमधल्या अशा त्रुटी कळवण्याचा पत्ता त्यांच्या संकेतस्थळावर आहे, टोल फ्री नंबर १८००-११-४९४९. मजकूर दहा ओळींचा: कोणतं पान, किती वाजता, काय टाइप केलं, काय दिसलं, मी काय केलं आणि काय केलं नाही. वहिनींचं नाव नाही, आधार नंबर नाही. स्क्रीनशॉट एकच, त्यातलाही मजकूर काळा करून. संताप, सल्ला, "देशाचं काय होणार" वगैरे काही नाही. ते वाचणाऱ्याला फक्त दोष शोधता आला पाहिजे.

सोमवारी पालिकेत गेलो. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "वेबसाइट एजन्सीकडे आहे, आमचा संबंध नाही." त्याचाही दोष नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नाही. मी आवक विभागात गेलो आणि आयुक्तांच्या नावचं पत्र देऊन पोच घेतली. नुसता तारखेचा शिक्का नको, वेळ लिहा म्हणालो. तिथली बाई हसली, पण लिहिलं: ११.४०.

ही वेळ का? सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२चे निर्देश आहेत. डेटा फुटल्याचं लक्षात आलं, किंवा कुणी लक्षात आणून दिलं, की सहा तासांत कळवायचं. हे सरकारी संस्थांनाही लागू आहे. "आमच्या लक्षातच आलं नाही" हे उत्तर त्या ११.४०नंतर चालत नाही. त्याच निर्देशांत संगणकातल्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपायला सांगितलं आहे. पत्रात मी तेही मागितलं: लॉग पुसू नका, माझ्याआधी या फायली कुणी उघडल्या ते त्यातून निघेल.

बुधवारी तीच लिंक ओटीपी मागू लागली. पुतण्या म्हणाला, जिंकलात काका. मला तसं वाटलं नाही. ज्यांच्या फायली उघड्या होत्या त्यांना पालिकेने काहीच सांगितलं नव्हतं. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात प्रत्येक बाधित माणसाला कळवायची जबाबदारी आहे, पण नियम आले नोव्हेंबर २०२५मध्ये आणि या जबाबदारीला त्यांत अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. तोवर काय, वाट बघायची?

दोन दिवस घुटमळलो. उगाच घाबरवायचं का, असं वाटत होतं. शेवटी बायकोला घेऊन वहिनींकडे गेलो. त्यांच्या मोबाइलवर आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. हयातीचा दाखला बोटाच्या ठशाने देताना ते तात्पुरतं उघडावं लागतं, हेही वहीत लिहून दिलं. बँकेत जाऊन व्यवस्थापकांना सांगून आलो. पैसे गेलेच तर लगेच १९३०ला फोन, हे फ्रिजवर चिकटवलं.

चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "साहेब, त्यात यांचा फोटो होता का?"

होता म्हणालो. डिस्चार्ज बुकातला, भरतीच्या वेळचा.

"अजून कुणी पाहिला?"

याचं उत्तर लॉगमध्ये आहे आणि लॉग पालिकेकडे. दोन पत्रं झाली, उत्तर नाही. तिसरं सोमवारी देतोय.