ज्वालामुखीचं तळं, पप्पा आणि मी : लोणारची एका दिवसाची ट्रिप

सांगलीत आज सकाळपासून पाऊस लागलाय, त्यामुळे मागे पत्र्यावर टपटप ऐकू आली तर समजून घ्या. स्टुडिओ म्हणजे आमच्या घरातली माळ्याखालची खोली आहे, हे तुम्हाला माहितीच आहे.

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की आई-वडिलांना घेऊन एक दिवसाची ट्रिप करायची असेल, तर ग्रुप टूर बरी की स्वतःची गाडी आणि स्वतःचा गाइड? आज त्याचंच उत्तर देतो. पण सरळ देत नाही, आमची लोणारची ट्रिप सांगतो. त्यात माझी एक चूकही आहे, तीही सांगणार आहे.

सुरुवात होते आमच्या फॅमिली ग्रुपवर. कुणीतरी लोणार सरोवराचा फोटो टाकला. पप्पांनी खाली लिहिलं, "हे ज्वालामुखीचं तळं. आम्हाला सातवीत होतं." झालं! मी लगेच स्क्रीनशॉट शोधला, टाकला आणि लिहिलं, "पप्पा, ते उल्कापातानं झालंय. व्हॉट्सॲप युनिव्हर्सिटी बंद करा आता." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. चुलत भावंडं, आत्या, सगळे हसले. पप्पांनी काहीच लिहिलं नाही. त्या रात्री जेवतानाही त्यांनी विषय काढला नाही. मला वाटलं, विसरले असतील.

विसरले नव्हते. दोन महिन्यांनी संभाजीनगरला मावशीकडे लग्नाला जायचं ठरलं, तेव्हा पप्पा आईला हळूच म्हणाले, "तिथनं लोणार लांब नाही म्हणे." पप्पा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर दुसऱ्यांना तिकिटं फाडून दिली, पण स्वतः फिरायला म्हणून गेले ते पंढरपूर आणि नरसोबाची वाडी. त्यांनी एखादं ठिकाण तोंडानं मागितलं, असं मला तरी आठवत नाही. म्हणून ठरवलं, जायचंच.

आता ग्रुप टूर का नाही घेतली? पप्पांचा उजवा गुडघा. पन्नास माणसांच्या बसमध्ये "वीस मिनिटांत परत या" म्हटलं, की पप्पांसारखा माणूस खाली उतरतच नाही. इतरांचा खोळंबा नको म्हणून खिडकीत बसून राहतो. स्वतःची गाडी केली की वेळ आपला असतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मावशीच्या ओळखीतल्या ड्रायव्हरदादांची गाडी ठरवली आणि लोणार गावातलाच एक गाइड फोनवरून पक्का केला. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांना विचारलेलं नाही. आपण त्यांना गाइडदादा म्हणू.

संभाजीनगरहून लोणार साधारण दीडशे किलोमीटर. आम्ही सहाला निघालो. जालना ओलांडलं की सिंदखेडराजा लागतं, जिजाऊंचं जन्मस्थान. तिथं थांबलो. लखुजीराव जाधवांचा वाडा बघितला, आईनं हात जोडले, चहा झाला. ग्रुप टूरमध्ये हा थांबा मिळेलच असं नाही. आपल्या गाडीत "दादा, जरा घ्या की बाजूला" एवढं म्हटलं की झालं.

दहाच्या सुमारास लोणारला पोचलो. गाइडदादा उभेच होते. वय चाळिशीचं, पायात साध्या चपला, खिशात एक छोटा चुंबक. ते आम्हाला काठावर घेऊन गेले आणि काही न बोलता बाजूला उभे राहिले.

मंडळी, मी रील्समध्ये ते तळं शंभरदा बघितलं होतं. पण काठावर उभं राहिल्यावर मान एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वळवावी लागते. जवळजवळ वर्तुळाकार खड्डा, आरपार सुमारे १.८ किलोमीटर. आतल्या उतारावर झाडी आणि तळाशी हिरवं पाणी. सांगलीकरांसाठी मापात सांगतो. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांवर गेली, की आपण धोका पातळी म्हणतो आणि सामान माळ्यावर टाकतो. लोणारच्या काठापासून खाली तळ्यापर्यंतची खोली त्याच्या साधारण दहा पट आहे. मी हे बोललो तेव्हा पप्पांनी पहिल्यांदा "बाप रे" म्हटलं.

आणि मग माझ्यातला हुशार माणूस जागा झाला. मी गाइडदादांना म्हणालो, "पप्पांना सांगा जरा, हे ज्वालामुखीनं झालंय की उल्केनं." म्हणजे मला पंच पाहिजे होता. निकाल माझ्या बाजूनं लागणार, हे मला माहीत होतं.

गाइडदादा पप्पांकडे वळले आणि विचारलं, "काका, तुम्ही सातवीत कधी होता?"

"एकोणसत्तर-सत्तर."

"मग तुमच्या मास्तरांचं काय चुकलं? त्या वेळी शिकलेली माणसंसुद्धा तेच सांगायची."

आणि तिथं, काठावरच्या सावलीत बसून, त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर घरी येऊन वाचून पडताळलं. ते आता तुम्हाला सांगतो.

१८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या विवराची नोंद केली. गावाला अर्थातच ते आधीपासून माहीत होतं. लवणासुराची कथा, त्याला मारणाऱ्या विष्णूचं दैत्यसूदन मंदिर, हे सगळं तिथं कितीतरी जुनं आहे. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'मध्येही लोणारचा उल्लेख आहे. तिथल्या खारापासून काच आणि साबण बनवायला लागणारा माल मिळायचा. पण हा खड्डा झाला कसा, हा प्रश्न पुढं दीडशे वर्षं चालला. कुणी म्हणालं ज्वालामुखीचा स्फोट, कुणी म्हणालं जमीन आत खचली.

आणि ज्वालामुखी म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. बघा ना, लोणारचा दगड कुठला? बेसाल्ट, काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले आणि आपलं दख्खन झालं. आपल्या मिरजेजवळचा दंडोबाचा डोंगर त्याच दगडाचा. आपल्या शेतातली काळी माती त्याच दगडाची. मग चारी बाजूंना लाव्हाचा दगड असताना मधे गोल खड्डा दिसला, तर माणूस काय म्हणेल? ज्वालामुखीचं तोंड म्हणणार. मीसुद्धा तेच म्हटलं असतं.

मोठे मोठे लोक इथं फसलेत. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये असाच एक गोल खड्डा आहे. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे त्या काळातले तिथले नावाजलेले भूवैज्ञानिक. त्यांनी १८९०च्या दशकात तो खड्डा तपासला आणि जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटानं तो झाला असं सांगितलं. तो उल्केचा आहे, याचा भक्कम पुरावा मिळायला १९६० साल उजाडलं.

मग लोणारचं कोडं सुटलं कधी? १९७३ मध्ये. 'सायन्स' या नियतकालिकात फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. त्या गटात भारतीय भूवैज्ञानिकही होते. तळ्याच्या तळाला भोकं पाडून आतला दगड वर काढला होता. त्यात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. दगडातलं एक खनिज अतिप्रचंड दाबाच्या धक्क्यानं काचेसारखं होतं, ती ही काच. ज्वालामुखीत उष्णता भरपूर असते, पण तसला धक्का नसतो. तो फक्त आकाशातून प्रचंड वेगानं येऊन काहीतरी आदळलं तरच बसतो.

आता तारखा जुळवा. पप्पा सातवीत होते १९६९-७० ला. लेख आला १९७३ ला. म्हणजे मी ज्या गोष्टीवरून माझ्या बापाला अख्ख्या खानदानासमोर हसलो, ती त्यांनी शाळा सोडल्यानंतर जगाला कळली होती. त्यांच्या मास्तरांनी त्या वेळचं ज्ञान नीट शिकवलं होतं आणि पप्पांनी ते पन्नास वर्षं नीट लक्षात ठेवलं होतं. मी तर ते स्क्रीनशॉटवरून उचललं होतं. कसं कळलं, कुणी शोधलं, काही माहीत नव्हतं.

गाइडदादांनी मग पप्पांना काठावरचे थर दाखवले. लाव्हाचे थर एरवी आडवे असतात, पोळ्यांच्या चवडीसारखे. इथं काठाजवळ ते बाहेरच्या बाजूला कललेत. चिखलात जोरात धोंडा मारला की कडा उचलून बाहेर वळतात ना, तसं. पप्पा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हां. आता पटलं." स्क्रीनशॉटनं जे झालं नाही, ते डोळ्यांनी झालं.

एक गंमत राहिली. आईनं त्या चुंबकाबद्दल विचारलं. गाइडदादांनी तो एका दगडाजवळ नेला, टचकन चिकटला. आई म्हणाली, "म्हणजे हा उल्केचा तुकडा!" दादा हसले. म्हणाले, "ताई, तसं सांगितलं तर लोक खूश होतात. पण काळ्या दगडात मुळातच लोहाचं खनिज असतं. तुमच्या कृष्णेच्या वाळूत चुंबक फिरवा, काळी पूड चिकटेल." आम्ही लहानपणी वाडीच्या घाटावर हेच करायचो की! तिथंच मला कळलं, पैसे योग्य माणसाला दिलेत.

खाली तळ्यापर्यंत मी एकटाच गेलो. पप्पा आणि आई वर थांबले. वाट दगडांची आहे आणि येताना चढ दमवतो. खाली पाण्याचा उग्र वास येतो. पाणी खारं आणि अतिशय अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं? तेव्हा लॉकडाऊन होतं, सगळ्यांच्या स्टेटसला तो फोटो होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. पाणी कमी होऊन क्षार वाढले, आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला. त्याच वर्षी लोणारला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये स्थान मिळालं. इतकी वेगळी जागा, आणि काठावर मला वेफर्सची तीन पाकिटं सापडली. मी उचलून आणली. तुम्हीही आणा, आणि तिथले दगड मात्र आणू नका.

आता ज्यासाठी तुम्ही विचारलं होतं, ते थोडक्यात.

सोबत वयस्कर माणसं असतील तर स्वतःची गाडी करा. पैसे जास्त जातात हे खरं, पण चार-पाच जणांत वाटले की तेवढं जड वाटत नाही. ठरवताना डिझेल, टोल, ड्रायव्हरदादांचं जेवण आणि थांबायचे तास आधीच बोलून घ्या, म्हणजे संध्याकाळी तोंडं वाकडी होत नाहीत. परतीचा प्रवास अंधारात लांबवू नका. ड्रायव्हरदादाही पहाटेपासून जागेच असतात.

सकाळी लवकर निघा. उन्हाळ्यात दुपारी त्या खड्ड्यात उतरणं म्हणजे तव्यावर पाय ठेवणं. पावसाळा संपता संपता गेलात तर झाडी छान असते, पण वाट निसरडी असते. चांगले बूट, पाणी आणि टोपी पाहिजेच. आम्ही भडंग नेली होती. सांगलीकर असून भडंग विसरलात, तर आपलं नातं संपलं.

गाइड गावातला घ्या. आणि फोनवर एक प्रश्न विचारा, "हे जगातलं एकमेव आहे का?" जो लगेच "हो हो, एकमेव!" म्हणेल, त्याच्यापेक्षा जो म्हणेल "बेसाल्टमध्ये झालेली अशी विवरं जगात फार थोडी, त्यातलं हे फार चांगलं टिकलेलं", त्याला घ्या. वयसुद्धा तसंच. जुन्या अंदाजात हे विवर सुमारे ५० हजार वर्षांचं, तर २०१० च्या सुमाराच्या मापनात पाच लाखांहून जास्त. ज्ञान अजून हलतंय. उद्या माझी पोरगी मला स्क्रीनशॉट दाखवेल, तेव्हा मला हे आठवू दे.

परत येताना गाडीत पप्पा पुढं बसले होते. आईला झोप लागली होती. मी मागून म्हणालो, "पप्पा, त्या दिवशी ग्रुपवर मी जरा जास्तच बोललो." ते वळले नाहीत. म्हणाले, "असू दे. पाटील मास्तर असते तर त्यांना आज घेऊन आलो असतो. त्यांनीही कधी बघितलं नव्हतं."

घरी आल्यावर पप्पांनी ग्रुपवर स्वतः काढलेला फोटो टाकला. जरा तिरका, कोपऱ्यात त्यांचं बोट आलंय. खाली लिहिलं, "लोणार. आधी ज्वालामुखी म्हणत. १९७३ पासून उल्का." या वेळी कुणी हसलं नाही. मी पहिला अंगठा दिला.

चला मंडळी, आजचं एवढंच. तुमच्या घरातल्या मोठ्यांना शाळेत काय शिकवलं होतं, जे आता बदललंय, ते विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. आणि हो, आधी त्यांचं पूर्ण ऐकून घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. पाऊस वाढलाय, मी छत्री शोधतो!