आतल्यालाही विचारा



मघाशी फाटकावर मला कुणी अडवलं नाही. ‘आपल्याच शाळेची पोरगी’ म्हणून आत सोडलं. गावात हे शोभतं, पण संगणकाच्या जाळ्यात असा भरवसा अंगाशी येतो.

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. चोरांनी एक खोटा स्विच उभा केला. एटीएमवरून विचारणा आली की तोच ‘द्या पैसे’ म्हणायचा. खात्यात शिल्लक आहे का, हे बँकेच्या मूळ यंत्रणेला विचारलंच गेलं नाही. 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले.

‘झिरो ट्रस्ट’ म्हणजे आत असलेल्यालाही दर वेळी विचारायचं: तू कोण, कुठल्या यंत्रावरून आलास, या कामाची परवानगी आहे का?

खर्च मोठा आहे. जुनी सॉफ्टवेअर बदलावी लागतात, माणसं वैतागतात. आमच्याकडे मी सगळं एकाच दिवशी लावलं, ही माझी चूक. सहकारी काही आठवडे माझ्याशी धड बोलत नव्हते. एकीनं तर नवा पासवर्ड कागदावर लिहून पडद्यालाच चिकटवला!

तालुक्याच्या पतसंस्थेनं हे सगळं विकत घ्यावं, असं मी म्हणणार नाही. पण चौघांत एकच पासवर्ड असेल तर तो आजच बदला. मोबाइलवरचा दुसरा कोड लावा. नोकरी सोडलेल्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद करा. याला जवळजवळ पैसे लागत नाहीत.

आपल्यातले काही जण अशा संस्थांच्या संचालक मंडळावर आहेत. चहाच्या वेळी मला गाठा, लॅपटॉप सोबत आणलाय.