गाडी स्वतः ब्रेक कधी मारते?



गेल्या ईदला माझा धाकटा चुलतभाऊ नवी गाडी घेऊन आला. रात्री आम्ही गावाकडे निघालो, काटा नव्वदवर. मी म्हणालो, "जरा हळू घे." तो हसला. "भाई, टेन्शन नको. कोणी आडवं आलं तर ही स्वतःच ब्रेक मारते." मी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस, माझ्या पोटात गोळाच आला. तेव्हा त्याला जे नीट सांगता आलं नाही, ते आज तुम्हाला सांगतो.

अशा बहुतेक गाड्यांत पुढे रडार असतं आणि आतल्या आरशाजवळ, काचेमागे, कॅमेरा. रडारच्या लहरी समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात, त्यावरून अंतर आणि वेग कळतो. ती वस्तू ट्रक आहे की माणूस, हे सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या चित्रावरून ठरवतं. मग साधा भागाकार: अंतर भागिले जवळ येण्याचा वेग, म्हणजे टक्कर व्हायला उरलेले सेकंद. ते फार कमी झाले की आधी इशारा, तरी तुम्ही हललात नाही तर ब्रेक.

भागाकार सोपा आहे, अवघड आहे ती खात्री. डोक्यावरची पाटी, पूल, रस्त्यातलं लोखंडी झाकण, सगळ्यांवरून लहरी परत येतात. प्रत्येक वेळी ब्रेक लागला तर मागचा ट्रक तुमच्यावर येईल. म्हणून ही यंत्रणा मुद्दाम थांबून, शेवटच्या क्षणी निर्णय घेते. आणि तेव्हा वेग नडतो. कोरड्या रस्त्यावर ताशी 40 ला ब्रेक लागल्यावर गाडी साधारण 8 मीटरमध्ये थांबते, 80 ला 30 मीटर लागतात. पावसात आणखी जास्त.

18 मार्च 2018 च्या रात्री अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टेंपी शहरात, उबरच्या चाचणीच्या स्वयंचलित गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. ती वारली. ती यंत्रणा आपल्या गाड्यांतल्यापेक्षा कितीतरी महागडी होती. चौकशीत निघालं की तिला ती बाई 5.6 सेकंद आधी दिसली होती! पण सॉफ्टवेअर तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी 'इतर' ठरवत राहिलं. क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल, हे त्यात धरलेलंच नव्हतं. (आपल्याकडे क्रॉसिंग कुठे असतं, ते तुम्हीच सांगा.) शिवाय त्या व्होल्वोची कंपनीची स्वतःची ब्रेक यंत्रणा चाचणीत बंद ठेवली होती.

म्हणजे ही सोय फालतू आहे का? अजिबात नाही. ती असलेल्या गाड्यांचे मागून धडकण्याचे अपघात अमेरिकेत जवळपास निम्म्यावर आले. पादचाऱ्यांबाबत मात्र तिथल्याच इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीचा 2022 चा अभ्यास बघा: धडका एकूण 27 टक्क्यांनी कमी, पण दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर फरक शून्य. आमच्या गावचा रस्ता नेमका तसाच आहे, आणि रात्री त्याच्या कडेने माणसं चालत घरी येतात.

भावाला हे सगळं ऐकवलं. आता तो कॅमेऱ्यासमोरची काच रोज पुसतो, इशारा लवकर वाजेल असं सेटिंगही केलंय. नव्वदवरून साठवर यायचं म्हटलं की अजून वाद घालतो.